शून्यावर थांबलेला काटा

फेसकाकूंचं खरं नाव कारखान्यात सकाळी हजेरीला एकदा पुकारलं जायचं, तेवढंच. बाकी दिवसभर त्या फेसकाकू. कारण त्यांच्या हातातला मग. मगात साबणाचं पाणी आणि त्यात एक चपटा ब्रश. भरून आलेल्या प्रत्येक सिलिंडरच्या व्हॉल्व्हला त्या फेस लावायच्या आणि डोळे बारीक करून बघत राहायच्या. फेस गप्प बसला तर सिलिंडर ठीक. एखादा बुडबुडा फुगायला लागला की काकू म्हणायच्या, "हा बोलतोय, याला बाजूला घ्या." असलं काम दुसऱ्या कोणाला दिलं असतं तर तो आठवड्यात डुलक्या काढायला लागला असता. काकूंनी त्यावर अर्धं आयुष्य काढलं, आणि एकही गळका सिलिंडर त्यांनी फाटकाबाहेर जाऊ दिला नाही.

कारखाना गॅस भरण्याचा. स्वयंपाकाच्या गॅसचा नव्हे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण काकूंच्या सासरी-माहेरी सगळ्यांची तीच समजूत होती. भेटेल तो विचारायचा, "आमचा सिलिंडर जरा लवकर मिळवून द्याल का हो?" आधी काकू समजावून सांगायच्या, की आम्ही वेल्डिंगवाल्यांना, दवाखान्यांना, प्रयोगशाळांना गॅस देतो, ऑक्सिजन, नायट्रोजन वगैरे. समोरचा सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ते ठीक आहे, पण आमच्या सिलिंडरचं काय?" शेवटी काकूंनी नाद सोडला आणि "बघते हां," असं म्हणून मोकळ्या व्हायला लागल्या.

या कामाला लागल्यापासून त्यांचे हात आणि केस कायमचे कोरडे. ऑक्सिजनच्या आसपास तेलाचा थेंब चालत नाही, जरा तेलकट हात लागला तरी भडका उडू शकतो. म्हणून डोक्याला तेल नाही, हाताला मलम नाही. थंडीत बोटांना भेगा पडायच्या. घरात त्यांच्या मोठ्या नणंदबाई होत्या, काकू त्यांना वन्सं म्हणायच्या. त्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आणि आता भावाच्या घरी राहणाऱ्या. शाळेचे वर्ग सुटले तरी त्यांच्यातली बाई काही सुटली नव्हती. त्या काकूंचे केस बघून नाक मुरडायच्या. "झाडू बरा," म्हणायच्या. नवरा शिवणयंत्रामागून "असू दे गं," असं काहीतरी पुटपुटायचा. तो शिंपी, आणि त्याचा आवाज इतका बारीक की यंत्र चालू असलं तर तो बोलला की नाही हे त्याच्या ओठांवरून ठरवावं लागे.

काकूंना हवी होती ती खोली काचेच्या पलीकडे होती. मिश्रणाची खोली. साधे सिलिंडर कोणीही भरतं, पण दोन-तीन गॅस ठरल्या प्रमाणात एकत्र भरायचे ते त्याच खोलीत. तिथे उस्ताद बसायचे. भिंतीवर दाब दाखवणारे चकचकीत गेज, तांब्याच्या नळ्या, कोपऱ्यात हवा उपसणारा पंप. काकू काच पुसायच्या निमित्ताने तिथे रेंगाळायच्या. उस्ताद व्हॉल्व्ह उघडतात, काटा हळूच उठतो, ते हात थांबवतात, काटा थांबतो. एवढंच दिसायचं, तरी काकूंचं फडकं काचेवर एकाच जागी फिरत राहायचं. साबण लावून लावून त्या थकल्या होत्या हे काही खरं कारण नव्हतं. त्यांना एकदा तरी बुडबुड्याच्या आधी काय होतं ते आपल्या हाताने करून बघायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्याने भरलेलं तपासायचं, आपण कधी काही भरायचंच नाही, हे त्यांना आतून डाचत होतं.

उस्ताद निवृत्त होणार असं ठरलं तेव्हा मॅनेजरांनी सांगितलं, आतल्यांपैकी कोणी परीक्षा पास झालं तर जागा त्याची, नाहीतर बाहेरून माणूस आणू. काकूंनी अर्ज केला. अख्खा कारखाना हसला नाही हे खरं, पण बराचसा हसला. परीक्षा साधी होती. तीन गॅसचं मिश्रण दिलेलं, काटा कुठे कुठे थांबवाल ते लिहा. काकूंनी लिहिलं आणि सपशेल आपटल्या. तपासनीस बाई प्रयोगशाळेतून आल्या होत्या, कडक पण सरळ. त्या म्हणाल्या, "गॅसचे भाग बरोबर काढलेत, पण काट्याचे आकडे चुकलेत. अजून एक संधी देते. पुढच्या वेळी कागदावर नाही, प्रत्यक्ष भरून दाखवायचं. ती शेवटची."

का चुकले हे काकूंना कळेना. त्यांनी अगदी उस्तादांसारखं केलं होतं. उस्तादांची एक पद्धत होती, हिशेब झाला की ते पुटपुटायचे, "घरचा एक वजा," आणि मग व्हॉल्व्हला हात घालायचे. काचेतूनसुद्धा काकूंना ते ओठांवरून कळायचं, नवऱ्यामुळे ती सवय झालेलीच होती. हा घरचा एक म्हणजे काय, असं त्यांनी एकदा उस्तादांना विचारलं होतं. उस्ताद म्हणाले, "माझे उस्ताद करायचे, म्हणून मी करतो." तेव्हा काकूंनी परीक्षेत प्रत्येक गॅसमधून घरचा एक वजा केला. तीन गॅस, तिघांतूनही एकेक. कंजूषपणा नको म्हणून.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्या डबा घासायला बसल्या. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नापास झाले. आंशिक दाब नावाची भानगड आहे, तिच्यात कुठेतरी चुकले."

वन्सं वाचत होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आंशिक दाब? तू?" आणि त्या हसल्या. दुष्टपणाने नव्हे, आश्चर्याने. पण हसल्या त्या हसल्याच.

काकूंना ते इतकं लागलं की पुढचे काही दिवस घरात भांडीच काय ती बोलत होती. वन्संनी मीठ मागितलं की काकू बरणी आणून ठेवायच्या, शब्द नाही. वन्संना हे जड गेलं. पस्तावल्या असतील, पण तसं बोलून दाखवायची सवय नव्हती. एका सुट्टीच्या सकाळी त्यांनी आपल्या पर्समधून खडू काढला. निवृत्त होऊनही ही बाई पर्समध्ये खडू बाळगून होती. स्वयंपाकघरातल्या काळ्या ओट्यावर त्यांनी एक मोठा सिलिंडर काढला आणि म्हणाल्या, "ये इकडे. दूध उतू जाऊ दे."

काकू दूध उतरवून मगच आल्या, पिठाच्या हातांनी.

"हे बघ," वन्सं म्हणाल्या. "घरात आपण तिघं. मी बोलते, तू बोलतेस, हा बोलतो. कोणी कोणाचं ऐकतं का?"

"नाही." याबाबतीत दोघींचं एकमत होतं.

"गॅस तसेच. तिघांना एका सिलिंडरमध्ये कोंबलं तरी प्रत्येक जण असा वागतो, की बाकीचे दोघं घरातच नाहीत. आपला आपला भिंतीवर दाब देतो. त्या एकट्याचा जो दाब, तो त्याचा आंशिक दाब. तिघांची बेरीज म्हणजे एकूण दाब. भिंतीपलीकडे आपल्या शेजारणीला जो कल्ला ऐकू जातो ना, ती बेरीज."

"आणि कोणाचा किती?"

"जो जितका भरलाय तितका. एकूण दाब दहा बार, त्यात एका गॅसचे वीस टक्के. मग त्याचा दाब?"

"दोन बार."

"बस. एवढीच भानगड आहे."

"हे मला येत होतं, वन्सं," काकू म्हणाल्या. आठवड्यातलं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. "भाग माझे बरोबरच होते. काट्यात चुकले." आणि त्यांनी घरच्या एकाची गोष्ट सांगितली.

वन्सं खडू हातात धरून उभ्या राहिल्या. असा प्रश्न त्यांना कोणी वर्गात विचारला नव्हता. "पुस्तकातल्या गणितात काटा नसतो गं," त्या म्हणाल्या. "दाब दिलेला असतो, आपण भागाकार करतो. हा एक कुठून आला?" मग खडूने ओट्यावर टकटक करत, "तुमचा तो पंप चालू केला की काटा काय करतो?"

"शून्याच्या डावीकडे जातो. तिथे लाल पट्टा आहे. हवा पुरती उपसली की उणे एकवर टेकतो."

"म्हणजे शून्यावर असताना आत काहीतरी होतंच."

"हवा होती ना. बाहेरचीच."

मग वन्संनी खिडकी उघडली. खाली रस्ता होता, गाड्या, हॉर्न, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. "हा रस्त्याचा आवाज," त्या म्हणाल्या. "बाहेरची हवा असाच सगळीकडून साधारण एक बारचा दाब देत असते. आपल्या कानांना त्याची सवय झालीय. शेजारीणसुद्धा तो धरत नाही. रस्त्याच्या वर जेवढं ऐकू येईल तेवढंच ती मोजते. तुमचा काटा म्हणजे आपली शेजारीण."

"म्हणून एक वजा," काकू म्हणाल्या. "खरा दाब आणि काट्याचा आकडा यांत रस्त्याचा फरक."

"आणि कोणी रस्त्याइतकंच हळू बोललं, तर शेजारीण काय म्हणेल? घरात सामसूम आहे. घरात माणूस बोलतोय, पण तिचा काटा शून्यावर."

"मी बोलतोय की," कोपऱ्यातून नवरा म्हणाला. ते कोणी ऐकलं नाही.

"पण मग तू तिघांतून तीनदा का वजा केलास? रस्ता एकच आहे ना?" वन्संनी विचारलं.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. पिठाचा पंजा उमटला. काटा काही एकेका गॅसला वेगळा मोजत नाही, आतापर्यंत जमलेल्या सगळ्यांना मिळून मोजतो. आधी बेरीज करत जायची आणि प्रत्येक बेरजेतून तोच एक वजा करायचा. मोठ्या सिलिंडरमध्ये दीडशे बार भरताना एखाददुसरा बार इकडे-तिकडे झाला तरी तो गर्दीत हरवून जातो. लहान सिलिंडरमध्ये तोच डोळ्यांत खुपतो. परीक्षा लहान सिलिंडरची होती.

त्या दिवसापासून ओटा पुसायची सोय राहिली नाही. भाजी चिरायची ती ताटात, कारण ओट्यावर नायट्रोजन. वन्सं गणितं घालायच्या, काकू सोडवायच्या. चुकलं की वन्सं खडू आपटायच्या. वन्संना काट्यातलं काही कळलं नाही तर काकू हाताने व्हॉल्व्ह फिरवून दाखवायच्या, भरताना सिलिंडर गरम होतो आणि गरम असताना काटा फुगवून सांगतो, म्हणून तळहाताला गार लागेपर्यंत थांबायचं, हे समजवायच्या. वन्संनी एकदा विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?" काकू म्हणाल्या, "काच." त्यानंतर वन्सं त्यांच्या केसांवर बोलल्या नाहीत.

परीक्षेच्या दिवशी काकूंनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि पहिल्यांदा काचेच्या आतल्या बाजूला उभ्या राहिल्या. आतून काच वेगळी दिसते. बाहेर मॅनेजर, भरणारे, रंगवणारे असे सगळे काही ना काही काम काढून जमले होते. पुढे उस्ताद उभे होते, हाताची घडी घालून.

तपासनीस बाईंनी काम सांगितलं. फुप्फुसं तपासणारं यंत्र दवाखान्यात अधूनमधून जुळवून घ्यावं लागतं, त्यासाठी लागणारं मिश्रण. पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, पंधरा टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन. लहान सिलिंडर, एकूण खरा दाब वीस बार. "एकदाच भरायचं. दुरुस्ती नाही. शेवटी विश्लेषक यंत्र सांगेल ते खरं."

फळ्यावर काकूंनी भाग लिहिले. एक, तीन, सोळा. त्यांच्या बेरजा केल्या. एक, चार, वीस. घरचा एक वजा केला. शून्य, तीन, एकोणीस.

आणि त्या थबकल्या. शून्य?

पुन्हा केलं. पुन्हा शून्य. म्हणजे कार्बन डायऑक्साइड भरायचा, आणि काटा शून्यावर आला की थांबायचं. काकूंच्या उभ्या आयुष्यात शून्य म्हणजे रिकामा सिलिंडर, परत आलेला, कोपऱ्यात ढकललेला. शून्यावर कोणी थांबत नसतं, शून्यापासून सुरुवात होते.

"पहिला गॅस कुठे थांबवणार?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"शून्यावर," काकू म्हणाल्या. आवाज त्यांच्या नवऱ्यासारखा आला.

बाईंनी लिहून घेतलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

काकूंनी पंप चालू केला. काटा लाल पट्ट्यात गेला, डावीकडे सरकत सरकत उणे एकपाशी टेकला. पंप बंद केला. कार्बन डायऑक्साइडचा व्हॉल्व्ह केसभर उघडला. काटा हलला, अगदी सावकाश. अर्ध्यावर आला. शून्याजवळ आला. आला.

काकूंनी व्हॉल्व्ह बंद केला आणि चुकून बाहेर बघितलं. उस्तादांच्या भुवया वर चढल्या होत्या. त्यांनी हाताची घडी सोडली आणि बोटानेच खूण केली, अजून थोडा. अख्ख्या कारखान्यात ज्या एका माणसासारखं व्हायचं होतं, तो माणूस सांगत होता, थोडा दे. मोठ्या सिलिंडरवर आयुष्य गेलेल्या उस्तादांना शून्यावर थांबलेला काटा बघवत नव्हता. काकूंचा हात व्हॉल्व्हकडे गेला. एक बार. नुसता एक बार दिला तर काटा निदान हललेला दिसेल, सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल. आणि पाचाचे दहा टक्के होतील.

त्यांना कोपऱ्यातलं शिवणयंत्र आठवलं. घरात माणूस बोलतोय, शेजारणीला ऐकू येत नाही एवढंच. म्हणून काय तो नाही का?

काकूंनी हात मागे घेतला. उस्तादांकडे बघून मान हलवली, नाही. असं त्यांनी उस्तादांना आयुष्यात केलं नव्हतं.

पुढचं सोपं होतं, फक्त लांबलचक. ऑक्सिजन तीनवर. तळहात सिलिंडरला लावून थांबणं. बाहेर लोक या पायावरून त्या पायावर होत होते. सिलिंडर गार झाला, काटा जरासा खाली आला, काकूंनी तेवढी भर घातली. नायट्रोजन एकोणीसवर. पुन्हा थांबणं. पुन्हा भर. मग सिलिंडर आडवा करून रुळांवर लोळवला, तिन्ही गॅसनी एकमेकांत नीट मिसळावं म्हणून. मॅनेजरांचा चहा केव्हाच गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

तपासनीस बाईंनी विश्लेषक यंत्राची नळी जोडली. पडद्यावर आकडे नाचले, वर गेले, खाली आले आणि स्थिर झाले. बाई वाचू लागल्या.

"ऑक्सिजन, चौदा पूर्णांक नऊ." त्यांनी चष्मा सारखा केला. "कार्बन डायऑक्साइड, पाच."

"पाच पूर्णांक किती?" मॅनेजरांनी दारातून विचारलं.

"पाच पूर्णांक शून्य," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. "पास."

बाहेर एकच गलका झाला. कोणीतरी रिकाम्या सिलिंडरवर पाना बडवला, मग सगळ्यांनीच बडवला. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत, कारण हात स्वच्छ ठेवायचे होते.

उस्ताद आत आले. काट्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "मी असतो तर एक दिला असता," ते म्हणाले. "आणि आपटलो असतो." मग इकडेतिकडे बघून त्यांनी दाराबाहेर ठेवलेला साबणाचा मग उचलला, ब्रश बुडवला, आणि गुडघ्यांची कुरकुर सांभाळत काकूंच्या सिलिंडरपुढे वाकले. व्हॉल्व्हला नीट चारी बाजूंनी फेस लावला. सगळे बघत होते. एकही बुडबुडा उठला नाही.

"गप्प आहे," उस्ताद म्हणाले. "जाऊ द्या हा बाहेर."

काकू घरी पोहोचल्या तेव्हा वन्सं दारातच उभ्या होत्या. दुपारपासून उभ्या होत्या असं नंतर कळलं. काकूंनी चप्पल काढायच्या आत सगळं सांगायला सुरुवात केली, वन्सं मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या, दोघी एकदम बोलत होत्या आणि कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. शून्याचा भाग आला तेव्हा मात्र वन्संनी कान दिला. "मग? दिलास का एक?"

"नाही दिला. पाच पूर्णांक शून्य!"

वन्संनी त्यांचे दोन्ही कोरडे, भेगाळलेले हात धरले आणि कपाळाला लावले. जन्मभर मुलांना शिकवलं, पण निकालाच्या दिवशी असं त्यांनी कधी केलं नसावं.

तेवढ्यात शिवणयंत्र थांबलं. नवरा उठला, हातातली टेप गळ्यात टाकली, खिडकीपाशी गेला. खाली रस्ता नेहमीसारखा गजबजलेला होता. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या गाड्यांच्या, हॉर्नच्या वरून ओरडला, "आमची ही पास झाली! मिश्रणाच्या खोलीत गेली!"

शेजारच्या खिडकीतून शेजारीण दचकून बाहेर डोकावली. "अगं बाई! कोण ओरडलं? कोणी पाहुणे आलेत का तुमच्याकडे?"

"नाही हो," काकू हसत, डोळे पुसत म्हणाल्या. "आमचा घरचाच एक आहे. नेहमीच बोलत असतो."